सहाला सोडलेलं पाणी

मी रेडिओ बोलतोय. गाणी ऐकायच्या इराद्याने कोणी बसलं असेल, तर त्याने आताच उठलेलं बरं. माझ्यातून टक टक येते. दर सेकंदाला एक टक, मिनिट भरलं की जरा लांबलेली टक, मग पुन्हा पहिल्यापासून. जगात काही ठिकाणी अणुघड्याळं ठेवलेली असतात आणि त्यांचे ठोके रात्रंदिवस आकाशात सोडले जातात. ते पकडायचे आणि त्यांवरून खालची घड्याळं तपासायची, एवढ्यासाठी मला बनवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोजत बसल्यामुळे स्वभाव संशयी झाला. आठ वाजले असं कोणी म्हणालं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, कोणाच्या घड्याळात?

माझं अंग लोखंडी, रंग सरकारी राखाडी. पुढे ताटाएवढी डायल, खाली बटणांची रांग. पोटात स्फटिकाचा एक चपटा तुकडा आहे. वीज दिली की तो ठरावीक गतीने थरथरतो. पण त्याच्यावरही विसंबायचं नाही, असा कारखान्याचा दंडक होता. तापला की तो बदलतो, म्हातारा झाला की बदलतो. म्हणून आकाशातून येणारा सूर आणि पोटातला सूर एकत्र ऐकायचे. दोन्ही सारखे असले तर एकच सूर कानी पडतो. किंचित फरक असला की आवाज हेलकावे खातो, झोपाळ्यासारखा. फरक जितका कमी, तितका हेलकावा सावकाश. तो पुरता थांबेपर्यंत बारीक स्क्रू फिरवत राहायचं. हे काम करणारा तंत्रज्ञ म्हणायचा, फार वेगळ्या सुरांचा त्रास नसतो, ते आपापले वाजतात. जवळचेच कानाला टोचतात. तेव्हा मला वाटलं, हा फक्त रेडिओविषयी बोलतोय.

पहिली नोकरी जहाजावर. मुरगावला खनिज भरायचं आणि पूर्वेला जायचं. जहाजावर क्रोनोमीटर नावाचं एक घड्याळ होतं. ते म्हणजे जहाजाचा जावई. गादीवर निजायचं, काचेखाली राहायचं, त्याला कोणी हात लावायचा नाही. रोज एक अधिकारी मला कान लावायचा आणि मी त्या जावयाची चहाडी करायचो: आज इतकं पुढे, आज इतकं मागे. समुद्रात चार सेकंदांची चूक झाली तर जहाज नकाशावर मैलभर भलतीकडे जातं, त्यामुळे माझ्या चहाडीला मान होता. पुढे आकाशात उपग्रह आले. एका खोबरेल तेलाच्या डबीएवढ्या यंत्राने माझं सगळं काम उचललं, आणि मी वास्कोच्या भंगारवाल्याकडे गेलो.

तिथून मला हरमलच्या किनाऱ्यावर झोपडीवजा हॉटेल चालवणाऱ्या एका शॅकवाल्याने नेलं. शोभा म्हणून. माझ्या डोक्यावर मनीप्लँटची बाटली, बाजूला बिअरचे ग्लास. परदेशी मंडळी माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढायची. आयुष्यभर सेकंद जपलेल्या यंत्राला, वेळ विसरायला आलेल्या माणसांच्या टेबलावर ठेवलं होतं. खाऱ्या वाऱ्याने बटणं गंजली. मी कोण, हे विचारायलाही कोणी येईना.

शंभू मळीक तिथे वायरिंग करायला आला. मये गावचा माणूस, जन्म जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेला, निवृत्त झाल्यावर ओळखीच्यांची कामं करणारा. त्याने मनीप्लँट बाजूला केला, फडक्याने माझी डायल पुसली आणि ओळखीच्या माणसाला भेटल्यासारखा बघत राहिला. मजुरीऐवजी हा डबा द्या, म्हणाला. शॅकवाल्याला लगेच संशय आला. इतकी वर्षं फुकट पडलेली वस्तू कोणी मागतो, म्हणजे तिच्यात काहीतरी असणार. त्याने आठवडाभर मला दिलं नाही, उलटंपालटं करून आत सोनं शोधलं. सापडलं नाही तेव्हा दिलं.

घरी मला पडवीतल्या मेजावर ठेवलं. शंभूची बायको शालिनी बाहेर आली.

"ह्या काय हाडलास? गाणी लागतत?"

"नाय."

"बातम्यो?"

"लागतत. पण तेच्यासाठी नाय हाडूक."

"मग कशाक?"

"वेळ समजता."

शालिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "वेळ थय लटकता. दहा मिनिटा पुढे आसा, ती आमी मनात काढतांव."

इथे मला माणसांची एक खोड पहिल्यांदा कळली. घड्याळ मुद्दाम पुढे लावायचं, ते पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि मग प्रत्येकाने आपापल्या सोयीने मिनिटं वजा करायची. असल्या घड्याळाला जहाजावर कोणी दारातही उभं केलं नसतं.

शंभूने छपरापासून फणसापर्यंत तार ओढली. ते माझे कान. शालिनीने पहिल्याच दिवशी त्या तारेवर लेन्सूल, म्हणजे पलंगावरची चादर, वाळत घातलं, आणि मला अर्धं जग ऐकू येईनासं झालं. दिल्लीहून पूर्वी असे ठोके यायचे, ते आता थांबलेत. सगळ्यांत स्पष्ट येतात ते पूर्वेकडून, चीनच्या मुलखातून. शंभू ते मोठ्या आवाजात लावायचा. वाड्यावर बातमी फिरली की मळकांच्या पडवीत चीनचं स्टेशन लागतं. शेवटी एक पोलीस शिपाई चौकशीला आला.

"काय सांगतात?" त्याने विचारलं.

"टक," शंभू म्हणाला.

"आणखी?"

"परत टक."

शिपायाने बराच वेळ कान लावला. मिनिटाची लांब टक आली तेव्हा तो सावध झाला, मग पुन्हा ढिला पडला. चहा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "जरा हळू लावा. लोकांना वाटतं काहीतरी शिजतंय."

शिजत होतं, पण चीनमध्ये नव्हे. घरापासून चार पावलांवर.

शंभूच्या घराच्या वर डोंगराच्या कुशीत एक झर आहे. रात्रभर तिचं पाणी घराशेजारच्या लहानशा तळीत साठतं. सकाळी तळीच्या तोंडाची फळी काढली की ते पाटाने बागेत जातं. बाग म्हणजे कुळागर, पोफळी आणि माड आणि केळी एकमेकांच्या सावलीत. पूर्वी ते एकच होतं. मग दोन भाऊ वेगळे झाले. तळीलगतचा वरचा भाग शंभूला आला, डोंगराला वळसा घालून खाली गेलेला थोरल्या मारुतीला. शंभू वर्षातले दहा महिने समुद्रावर, त्यामुळे दोन्ही बागांना पाणी मारुतीच सोडायचा. केव्हा उठायचा, केव्हा सोडायचा, कोणी विचारलं नाही. दोन्ही बागा हिरव्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी मारुती गेला. जायच्या आदल्या पावसाळ्यात त्याने खालच्या बागेत पोफळीची नवी रोपं लावली होती. त्याची बायको मालती त्या रोपांसाठी खाली एकटी राहते. मुलाने दोनदा सांगून पाहिलं, फोंड्याला चल. ती म्हणाली, रोपं माझ्या कमरेला लागली की येईन.

शंभू निवृत्त होऊन घरी आला आणि पाणी सोडायचं काम त्याच्याकडे आलं, कारण तळी त्याच्या दारात. उन्हाळ्यात झर बारीक होते, म्हणून पाळी ठरली. सहा ते आठ मालतीची, त्यानंतर तळी रिकामी होईपर्यंत शंभूची. मालती खाली वाट बघणार, शंभू वर खालच्या पाटाची फळी काढणार आणि घालणार. एकाच्या हातात फळी आणि दुसऱ्याला ती दिसत नाही, ही व्यवस्था ज्याने ठरवली त्याने जहाजावर एक दिवसही काढला नसावा.

शिगमो सरला, ऊन चढलं, आणि मालतीची रोपं माना टाकू लागली. ती वर आली.

"भावजी, पाणी केव्हा सोडतास?"

"सहाक."

"माका सहाचा पाणी दिसना नाय."

"सहा म्हणजे सहा, वयनी. पोदेर इलो की सोडतंय."

तेव्हा शंभूचं सकाळचं घड्याळ म्हणजे पाववाला पोदेर. त्याचा भोंगा वाजला की सहा. मालतीचा विश्वास बसेना, म्हणून शंभूनेच चौकशी केली. पोदेर म्हणाला, मी देवळातली घंटा ऐकून निघतो. देवळातले भटजी म्हणाले, मी डिचोलीची पहिली बस दिसली की घंटा वाजवतो. बसचा ड्रायव्हर म्हणाला, घड्याळ कशाला बघायचं, पोदेर रस्त्याला दिसला की मी गाडी काढतो. वेळ कुठून येते ते शोधायला शंभू निघाला आणि फिरून पोदेराच्या सायकलीशी परत आला. तिघेही इमानदार होते. तिघेही एकमेकांवर विसंबून होते. आणि सहा कधी वाजतात हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ही हकीकत ऐकून मला हरमलनंतर पहिल्यांदा बरं वाटलं. माझी गरज निर्माण झाली होती.

प्रकरण वाड्याचे पंच अमोल यांच्याकडे गेलं. पंच तरुण, बसल्या जागी निकाल देणारे. म्हणाले, दोघांनी आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे पिप ऐकून घड्याळं लावा आणि त्यावर चाला. शंभूचा चेहरा असा फुलला की जणू निकाल त्याच्या बाजूने लागला. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर. सकाळी माझ्या ठोक्यांवर शंभू मनगटावरचं घड्याळ लावायचा, टकेसरशी फळी काढायचा. आठाला पणजीचे पिप लावायचा, शेवटच्या पिपासरशी फळी घालायचा. अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर स्वतःवर चिडायचा. जहाजावर कोणी केली नसेल एवढी काटेकोर नोकरी तो पोफळींच्या पाण्यासाठी करत होता.

आणि रोपं वाळतच होती.

मालतीने आता सहाविषयी बोलणं सोडलं. ती वर यायची, तळीकडे बघायची, शंभूच्या हिरव्यागार बागेकडे बघायची, आणि शालिनीशी बोलायची.

"शालन, तुमची केळी बरी पोसली गो."

"होय जाऊबाई."

"पाणी बरा लागला दिसता."

"आपल्या पाळीचा लागता."

"होय तर. घड्याळ घरचाच."

शालिनी भांडी जोरात घासायची. आत गेल्यावर नवऱ्याला म्हणायची, "तुमका चोर म्हणान गेली ती. आणि तुमी रेडिओ पुसत बसल्यास."

शंभूचंही मन साफ नव्हतं. त्याला वाटायचं, मालती रोपांना पाणी नीट देत नाही, वाटेत उंदरांची बिळं असतील ती बुजवत नाही, आणि दोष वरच्यावर टाकते. खाली जाऊन बघावं तर तिथे पाय ठेवल्यावर आणखी काय बोलेल, कोणास ठाऊक. वाटणी झाल्यापासून तो खालच्या बागेत गेला नव्हता. मारुतीच्या बाराव्यालाही अंगणातूनच परतला होता.

मग मालतीने सांगून टाकलं. बोअरवाल्याशी बोलणं झालंय, सोमवारी गाडी येणार. खालच्या बागेत बोअर.

शालिनी घाबरली. "बोअर मारली तर झर जातली. वयल्या वाड्यार तसाच झाला."

"झर गेली तर तुमचीय जाता, माझीय जाता," मालती म्हणाली. "माझी तशीय नायच आसा."

ती गेल्यावर शंभू बराच वेळ माझ्यासमोर बसला. त्याने ठोके लावले आणि मनगटावरचं घड्याळ तपासलं. बरोबर होतं. पुन्हा तपासलं. बरोबर असलेल्या माणसाची एवढी पंचाईत मी कधी बघितली नव्हती. चुकलेला माणूस दुरुस्त होतो. बरोबर असलेल्याने काय करायचं?

शनिवारी आठाला मालती न सांगता वर आली. पदराखाली मोबाईल. तिने त्यावर पणजीचं केंद्र लावलं होतं, आवाज बारीक. तिला शंभूला रंगेहाथ पकडायचं होतं. शंभू तळीच्या काठावर, मी पडवीत मोठ्या आवाजात. माझे पिप झाले. शेवटच्या पिपाला शंभूने फळी घातली. खालचा पाट थांबला.

मालतीने पदर जरा बाजूला केला. मग तिच्या पदराखालून पिप आले. एक, एक करत सगळे.

"भावजी, आठ आता वाजले. तुमी फळी केव्हाच घातलास."

शंभू चपापला. "वयनी, तुमचो मोबाईल मागे आसा."

"मोबाईल मागे? मोबाईलात वेळ कंपनी घालता. तुमचो हो डबो खयच्या काळातलो."

"डबो म्हणा नकात," आतून शालिनीचा आवाज आला, "तेंका झोंबता."

शंभूने पडवीत येऊन माझी डायल फिरवली. पूर्वेचे ठोके लागले. मनगट मालतीसमोर धरलं. टक आणि काटा एकत्र पडत होते. "बघा. माझा आठ खरा आसा."

"म्हणजे चीनचा खरा, आणि माझा पणजीचा खोटा."

"तुमचाय खोटा नाय." त्याचा आवाज चढला होता, तो त्याने खाली आणला. जहाजावर नव्या पोराला समजावत असेल तसा बोलू लागला. "दोनय पिप एकच, वयनी. माझो पणजीच्या खांब्यावरसून सरळ हय येता. तुमचो तोच, पण तो पयलो खय तरी यंत्रात जाता, थय साठता, मग नेटार चढता, आणि फिरान फिरान तुमच्या हातात पावता. सुटता एकाच वेळाक. तुमची वाट लांब, म्हणान पावता उशिरा. तेत चोरी कोणाचीच नाय."

एवढं बोलून तो थांबला. त्याने वळून पाटाकडे बघितलं. मी टक टक करत होतो.

"वयनी," तो म्हणाला, "पाणी तुमका पावता केव्हा?"

मालतीने मोबाईल बंद केला. "दोन महिने तांच सांगतंय. तुमी माका वेळ सांगतास, मी तुमका पाणी सांगतंय."

"पण सहाक सोडतंय मी."

"तुमी सहाक सोडतास. मी खाली बसलेली असतंय. माका काय दिसता? पोदेर येवन गेलो, बस गेली, ऊन अंगणात इला, आणि मग पाणी. मग मी काय समजाचा? तुमी निजल्यात म्हणान, नायतर पाणी वरच घेतलास म्हणान."

"दादा असताना पाणी असा उशिरा येय नाय?"

"ते काळोखात उठत. माका काय ठावक केव्हा सोडीत."

शंभू बसला. शालिनी दारात येऊन उभी राहिली होती, हातात भांडं तसंच. मग मालती वळली आणि "बोअरवालो परवा येतलो" एवढं म्हणून निघून गेली.

रविवारी सकाळी शंभूने मला चालू केलं, टकेसरशी फळी काढली, आणि घरात परत यायच्या ऐवजी पाटाच्या कडेने खाली चालू लागला. मला बंद करायचं विसरला. पुढचं मी पाहिलेलं नाही; तो परतल्यावर शालिनीला सांगताना ऐकलं तेच सांगतो. ऐकीव आहे, हे ध्यानात ठेवा.

शालिनीने त्याच्यासाठी केलेल्या चहावर साय धरून गेली होती. तो आला तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला.

"खय गेल्लास?"

"पाण्याबरोबर."

"पाण्याबरोबर खय?"

"खाली. तां पाणी चालणा नाय गो. रांगता. आमच्या हद्दीपर्यंत बरा येता, पुढे पाट सुकलेलो, भेगाळलेलो. एकेक भेग भरता, मग पुढे सरता. कुर्ल्यांची बिळां आसत, तेंच्यात बुडबुडे येतत, ती भरल्याबगर हालणा नाय. पाला साठता, तेका अडता. मी पुढे जावन बसलंय, पाणी येवची वाट बघीत. बसून बसून पाय आखडले." तो थांबला. "वयनीच्या पयल्या पोफळीक पाणी लागला तेव्हा मी मनगटार बघितलंय. तिची अर्धी पाळी वाटेत सरली."

"मग आठाक फळी घातल्यार पाटातला तिकाच मिळता ना?"

"खयचा मिळता. मातयेच्या पोटात जाता. दुसऱ्या दिवसा परत सुको."

शालिनी म्हणाली, "म्हणजे आमी चोरी केली?"

"चोरी नाय. टायमार केला सगळा." आणि मग चहावरची साय बोटाने बाजूला करत तो म्हणाला, "तांच तर चुकला."

इथे मला थोडं बोलायला हवं. मी ज्या ठोक्यांवर जन्मभर जगलो, तेही माझ्यापर्यंत पोचायला वेळ घेतात. पापणी हलण्याआधी पोचतात, पण घेतातच. दूरच्या केंद्राचे ठोके ऐकून अचूक वेळ मोजायची असेल तर केंद्र किती लांब आहे हे आधी धरावं लागतं. शंभूला हे शिकवलेलं होतं. आकाशातून हजारो मैल येणाऱ्या ठोक्याची वाट त्याला ठाऊक होती. तळीपासून भावाच्या बागेपर्यंतची नव्हती. माणसांच्या हुशारीबद्दल माझं मत फार चांगलं नव्हतंच. त्या दिवशी ते थोडं अधिक पक्कं झालं, पण रागाने नाही.

संध्याकाळी शंभूने मालतीला वर बोलावलं. ती आली, पण पडवीत चढली नाही. खाली उभी राहिली.

"उद्यापासून तुमची पाळी सहाक नाय," शंभू म्हणाला.

"तर?"

"सहाक मी सोडतलंय. पाणी तुमच्या पयल्या पोफळीक लागला की थयसून दोन तास. मी मागाहून घेतलंय."

"आणि तुमका वर कसा समजतला, माझ्या पोफळीक लागला म्हणान?"

"तुमी हाक मारा. पाट वळसो घालून जाता, आवाज सरळ येता."

मालती त्याच्याकडे बघत राहिली. ती त्या वाक्यात काय दडलंय ते शोधत होती. मीही शोधत होतो. शालिनी दारातून शोधत होती, आणि तिला ते सापडलं.

"म्हणजे आमचो वेळ कमी होतलो," ती म्हणाली. "तळी काय वाढची नाय."

"होतलो."

"आणि मी लबाडी केलंय तर?" मालतीने विचारलं. विचारताना तिचा आवाज सरळ होता. "वेळानं हाक मारली तर? तुमका कोण सांगतलो?"

"दोन महिने मी सहाक सोडीत होतंय, आणि तुमका कोण सांगी होतो?" शंभू म्हणाला. "आता माझी पाळी, गप बसाची."

मालतीने पदर तोंडाला लावला. हसली की काय, पडवीतून दिसलं नाही. मग म्हणाली, "बोअरवाल्याक पावसापर्यंत थांब म्हणतंय. पावसापर्यंतच हां, भावजी."

"पावसापर्यंत," शंभू म्हणाला.

शालिनी रात्रीच्या जेवणात त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तीच खाली गेली आणि पाटातला पाला काढून आली. कोणी सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, पाणी लवकर पावलं तर आमचाच वेळ वाचेल.

आता माझी सद्यस्थिती. मालतीची काही रोपं गेली. ती उपटून तिने चुलीशी ठेवलीत. उरलेल्यांनी मान वर काढली आहे, मधोमध नवा कोंब सुटलाय, असं शालिनी सांगते. शंभूची केळी जरा उतरली आहेत. त्याबद्दल तो काही बोलत नाही, शालिनी बोलते. माझी नोकरी जवळजवळ संपली. सहाला घड्याळ लावण्यापुरता मी क्षणभर बोलतो, आणि मग दिवसभर गप्प. आठाचे पिप आता कोणी लावत नाही.

सकाळी शंभू फळी काढतो आणि तळीच्या काठावर बसून राहतो. ऊन फणसावर येतं. मग खालून हाक येते.

"भावजी, पावला."

"होय," तो वरून म्हणतो, आणि तिथून पाळी सुरू होते.

निरोप घेण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो, कारण ती मनात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मला संशय आहे की मालती हाक जरा उशिरा मारते. पाणी पहिल्या पोफळीला लागतं, ती बघते, मग पदर खोचते, दुसऱ्या पोफळीकडे जाऊन येते, आणि मग हाक मारते. पुरावा नाही. पाट सध्या ओला असतो, साफ असतो, पाणी पूर्वीपेक्षा लवकर पोचायला हवं, आणि हाक मात्र पूर्वीच्याच सुमाराला येते, एवढंच.

शंभूलाही हा संशय असावा, आणि तो त्याला मोजून बघायचा नसावा. फळी काढून झाली की तो पडवीत येतो, मनगटावरचं घड्याळ सोडतो आणि माझ्या डोक्यावर ठेवून पुन्हा तळीवर जाऊन बसतो. हाक आली की परत येतो, ते मनगटावर बांधतो आणि तिथून दोन तास मोजतो. तेवढा वेळ ते घड्याळ माझ्या डोक्यावर चालत असतं आणि त्याच्याकडे बघणारं कोणी नसतं.

माझी विनंती एवढीच आहे. त्या वेळात मला कोणी चालू करू नये.